प्रार्थनेच्या खोलीची आणि दहाव्या जागेची व्यवस्था

मी, एलिझर रूबेन वाक्रूळकर, वय वर्षे एक्याऐंशी, पूर्वी धंदा फिटरचा, हल्ली काही नाही, राहणार पेण, जिल्हा रायगड. आम्ही स्वतःला बेने इस्राएल म्हणतो आणि गाव आम्हाला शनवारतेली म्हणते. दोन्ही नावे मला मान्य आहेत. हे मृत्युपत्र मी आज रविवारी लिहून देत आहे. वकील नमिताबाई कालच कागद घेऊन आल्या होत्या. काल शनिवार होता, म्हणून त्यांना परत पाठवले.

माझे डोके ठिकाणावर आहे. तसा दाखला देण्यासाठी डॉक्टर घरी आल्या होत्या. त्यांनी मला तारीख, वार आणि तालुक्याचे नाव विचारले. मी तिन्ही सांगितले आणि त्यांच्या रक्तदाब मोजण्याच्या यंत्राची नळी कुठे गळते तेही दाखवले. माझ्यावर कोणी जबरदस्ती केलेली नाही. माझ्यावर जबरदस्ती करून बघणारी माणसे माझ्या आधीच गेली.

२०१० साली मी एक मृत्युपत्र केले होते. ते आजपासून रद्द समजावे. ते का रद्द केले हे पुढे येईल. तोवर वाचणाऱ्याने धीर धरावा, आणि वाचणारा माझा पुतण्या शिमोन असेल तर त्याने खुर्चीवर बसून वाचावे.

कलम एक. पेणमधले माझे राहते घर, मागची विहीर, परसातली आंब्याची दोन झाडे वगळून बाकीची मोकळी जागा, आणि बँकेत जे काही निघेल ते, सर्व माझी एकुलती एक मुलगी तामार हिला द्यावे. तामार रोह्याच्या शाळेत विज्ञान शिकवते. घराची पुढची खोली म्हणजे आमचे प्रार्थनाघर. माझ्या आजोबांच्या वेळी त्या जागी तेलाचा घाणा होता. शनिवारी घाणा बंद, बैलही सुटा. आजोबा म्हणायचे की पेणच्या अख्ख्या बाजारात आठवड्याची हक्काची सुट्टी मिळणारा बैल एकच आहे आणि तो आपला आहे. घाणा गेल्यावर वडिलांनी तिथे जमीन फरशीची केली, पश्चिमेच्या, म्हणजे यरुशलेमच्या दिशेच्या, भिंतीत कपाट बसवले आणि आमचा सेफेर, म्हणजे तोराची हाताने लिहिलेली गुंडाळी, त्यात ठेवली. ही गुंडाळी आजोबांनी तेल विकून घेतली. कोणाच्या देणगीची नाही, कोणाच्या उपकाराची नाही. म्हणून ती कोणाला द्यायची हे सांगण्याचा अधिकार मला आहे, आणि तीही मी तामारला देत आहे.

कलम दोन. माझी हत्यारे. पान्यांचे दोन संच, मोठा पाइप पाना, आटे पाडायच्या डाय आणि जर्मन बनावटीचा हातोडा, ज्याचा दांडा मी चार वेळा बदलला. ही सर्व निडीच्या गणेशची मुलगी समीक्षा हिला द्यावीत. गणेश आता नाही. मी रोह्याच्या पुढे धाटावच्या एका रासायनिक कंपनीत तीस वर्षे नोकरी केली आणि त्या तीस वर्षांत एक दिवस सोडला तर एकाही शनिवारी, म्हणजे आमच्या शब्बाथला, कामावर गेलो नाही. रजा मागितली नाही, साहेबांच्या हातापाया पडलो नाही. गणेश माझी शनिवारची शिफ्ट करायचा आणि मी त्याच्या गौरी-गणपतीच्या, होळीच्या, दिवाळीच्या शिफ्ट करायचो. गणपतीत सगळा प्लांट ओस पडायचा तेव्हा बॉयलरपाशी मी एकटा असायचो. नवीन आलेल्या मॅनेजरने एकदा विचारले, "वाक्रूळकर, तुमचा देव शनिवारी हजेरी घेतो काय?" मी म्हटले, "साहेब, बाकी सहा दिवस तुम्ही घेता, तेवढा एक त्याला असू द्या."

समीक्षा आयटीआय करून त्याच कंपनीत फिटर म्हणून लागली आहे. पहिल्या आठवड्यात तिच्या हातात फडके दिले आणि यंत्रे पुसायला लावली, असे ती सांगत होती. आता माझी हत्यारे घेऊन जा म्हणावे आणि पुसायला त्यांना लाव.

कलम तीन. माझे डोळे. मरणानंतर माझे डोळे द्यावेत. मृत्युपत्र लोक माणूस पुरल्यावर उघडतात आणि डोळे तर सहा तासांच्या आत काढावे लागतात, इतके मला कळते. म्हणून तामारला आणि डॉक्टरांना आधीच सांगून ठेवले आहे, इथे फक्त नोंद. आमच्यात देह जसा आला तसा अख्खा मातीला परत करायचा असतो. काही जण नाक मुरडतील. त्यांच्यासाठी वर सांगितलेल्या त्या एका शनिवारची हकीकत लिहितो.

सकाळची प्रार्थना चालू होती आणि गणेशचा निरोप आला. क्लोरीनच्या लाइनचा व्हॉल्व्ह गळतोय, आत माणसे आहेत, व्हॉल्व्ह बसत नाहीये. मी डोक्यावरची टोपीही न काढता कंपनीच्या जीपमध्ये बसलो. व्हॉल्व्ह बसवला, दोन तास खोकत राहिलो, संध्याकाळी घरी आलो. तेव्हा माझे सासरे जिवंत होते. ते म्हणाले, "शब्बाथ मोडलास." मी म्हटले, "मोडला नाही, पाळला. जीव वाचवायला नियम बाजूला ठेवायचा, हाही आपलाच नियम आहे." ते दोन महिने माझ्याशी बोलले नाहीत. मी आजही तेच म्हणतो. एखाद्याला दिसू लागत असेल तर माझ्या देहाचा तेवढा तुकडा मातीने सोडून द्यावा.

कलम चार. केरू हिरामण म्हात्रे. केरू खाडीकाठचा आगरी, मिठागरावर वाढलेला. मिठागर बंद पडल्यावर पेणमध्ये हातगाडी ओढू लागला. शब्बाथला, म्हणजे शुक्रवारच्या मावळतीपासून, आम्ही विस्तव लावत नाही, दिव्याचे बटणही दाबत नाही. म्हणून केरू शुक्रवारी संध्याकाळी आणि शनिवारी सकाळी यायचा, दिवे लावायचा, गॅस पेटवायचा. अशी व्यवस्था बऱ्याच घरांत असायची. पुष्कळ वर्षे मला त्यात काही वावगे वाटले नाही. मग एकदा काडी ओढता ओढता त्याने विचारले,

"भाऊ, एक बोलू? तुमचा देव तुमचाच हात बगतो, माजा नाय बगत?"

मी हसलो, पण ते डोक्यातून जाईना. जे काम माझ्यासाठी वाईट ते दुसऱ्याच्या हाताने करून घेतले की चांगले कसे होते? शेवटी मी फिटर माणूस. मुंबईहून घड्याळाचे स्विच आणले आणि घरभर बसवले. शुक्रवारी दिवे आपोआप लागायचे, आपोआप विझायचे, आणि गॅस शनिवारी पेटवायचाच नाही असे ठरवले. केरूला म्हटले, "आता तू मोकळा." पुढच्या शनिवारी तो पुन्हा आला. "काम नाय तर काय झालं, मी बसतू," म्हणाला आणि उंबऱ्यावर बसला. त्यानंतर आजतागायत तो बसतो आहे. हिब्रूचा एक शब्द त्याला समजत नाही, पण आमेन कुठे म्हणायचे हे ठाण्याहून सूट घालून येणाऱ्यांपेक्षा त्याला जास्त नेमके कळते.

परसातली आंब्याची दोन झाडे मी केरूच्या नावे केली होती. त्यात काय घोळ झाला ते शेवटी सांगतो.

कलम पाच. हे कलम मिळकतीचे नाही. नमिताबाई म्हणाल्या, "काका, हे मृत्युपत्रात कशाला?" मी म्हटले, "पुढचे ज्याच्यावर अवलंबून आहे ते आधी सांगायला नको?"

माझी बायको रिबका २००९ साली वारली. महिन्याच्या दिवशी नातेवाईक जमले. माणूस गेल्यावर आम्ही कद्दीश म्हणतो. कद्दीशमध्ये मरणाचा उल्लेखही नाही, नुसती देवाची थोरवी. पण ती एकट्याने म्हणता येत नाही. आमच्यातली दहा माणसे लागतात, आणि जुन्या रीतीप्रमाणे दहाही पुरुष. पेणमध्ये आमची आता दोनच घरे, रोह्यात एक, बाकीचे ठाण्याहून येणार. दहावा होता माझा नागोठण्याचा मावसभाऊ. त्याची गाडी वडखळच्या नाक्यावर अडकली होती आणि सूर्य मावळायला आला होता.

आम्ही माणसे आकड्यांनी मोजत नाही. माणूस म्हणजे काही मालाचे पोते नव्हे. दहा शब्दांचे एक हिब्रू वचन आहे, ते म्हणत जायचे आणि प्रत्येक माणसाला एक शब्द द्यायचा. मी म्हणत गेलो. नऊ शब्द संपले आणि दहावा तोंडातच राहिला.

तामार दारात उभी होती. मलिद्याचे ताट तिनेच भरले होते, पोहे, गूळ, खोबरे, सगळे आईच्या हातासारखे. तिने ताट टेबलावर ठेवले, पदराला हात पुसले आणि एक पाऊल पुढे आली. म्हणाली, "पप्पा, मी आहे ना."

मला मुलगा नाही. हिब्रू मी तिलाच शिकवले. ती सहा वर्षांची असताना माझ्या मांडीवर बसून वाचायची, दहाव्या वर्षी माझ्या चुका काढायची. त्या खोलीत त्या दिवशी तिच्याइतके स्वच्छ वाचणारे कोणी नव्हते, आणि मी स्वतःला त्यात धरतो. जी मेली होती ती तिची आई होती.

मी म्हटले, "तू आत जा, तामार."

ती गेली. मग मी परसात हाक मारली आणि केरूला बोलावले. खुंटीवरची टोपी काढून त्याच्या हातात दिली. तो म्हणाला, "मी? ही तामार हाय ना!" मी म्हटले, "टोपी घाल." माझा चेहरा बघून त्याने घातली. दहावा शब्द मी त्याच्यावर ठेवला आणि कद्दीश म्हटली.

म्हणजे नियम मी मोडलाच. पण मोडतानाही पोरीसाठी नाही मोडला, टोपीखाली पुरुष बसला म्हणजे झाले असे मला वाटले. मी शहाणा समजला जाणारा माणूस आहे आणि ही चूक मी भर उजेडात नऊ माणसांसमोर केली.

त्या दिवसापासून तामार प्रार्थनेच्या खोलीत आली नाही. दर शनिवारची सकाळ ती पेणला माझ्याकडे काढायची, शुक्रवारी येऊन रविवारी जायची, पण प्रार्थना सुरू झाली की स्वयंपाकघरात. मी समजत होतो पोरगी थकते, बसू दे. सोळा वर्षे मी असे समजत होतो. एवढा व्हॉल्व्ह कुठे गळतो ते कानाने ओळखणारा मी.

यंदा योम किप्पूरला, आमच्या उपासाच्या दिवशी, वाचताना माझ्या डोळ्यांसमोर अक्षरे नाचू लागली. एका ओळीवर अडलो. खोलीत आम्ही तिघे आणि उंबऱ्यावर केरू. कोणालाच पुढचा शब्द येईना. तेवढ्यात स्वयंपाकघरातून शब्द आला. मग पुढचा आला. ती पुस्तकाशिवाय म्हणत होती. सोळा वर्षे ती ओट्यापाशी उभी राहून प्रत्येक प्रार्थना माझ्याबरोबर म्हणत आली होती. मला इतका अभिमान वाटला आणि त्याच क्षणी इतकी लाज वाटली की मी पुस्तक मिटले.

संध्याकाळी उपास सोडताना विचारले, "बाहेर का येत नाहीस गं?" ती शांतपणे म्हणाली, "पप्पा, केरूकाकांना मोजलंत त्याचं मला कधीच वाईट वाटलं नाही. मला मोजलं नाहीत, त्याचं वाटलं."

देवाविरुद्ध केलेले अपराध देव त्या दिवशी माफ करतो असे आम्ही मानतो. माणसाविरुद्ध केलेल्यांत तो हात घालत नाही. ज्याचा अपराध केला त्याच्यापुढे जाऊन उभे राहावे लागते. मी आयुष्यात मॅनेजरची माफी मागितली नव्हती, सासऱ्यांची मागितली नव्हती. तामारची मागितली. हात जोडून मागितली. ती म्हणाली, "मला विचार करू दे, पप्पा." तिचा तो हक्क आहे. अजून ती विचार करते आहे.

कलम सहा. माझा पुतण्या शिमोन, राहणार ठाणे. २०१० च्या मृत्युपत्रात सेफेर मी त्याच्या नावे केला होता, कारण घराण्यातला तो एकच पुरुष उरला होता. ती माझी दुसरी चूक. महिन्याच्या दिवशी केरूच्या शेजारीच शिमोन उभा होता. सगळे बघत होता, आमेन म्हणाला, दोनदा मलिदा घेतला आणि गप्प राहिला. यंदा सेफेर तामारला द्यायचा माझा बेत त्याला कळला तेव्हा त्याचे पत्र आले: काकांनी परक्या माणसाला मोजून काकूची कद्दीश बाद केली, अशा घरात सेफेर राहू नये. सोळा वर्षांनी त्याला नियम आठवला.

मी त्याला इथेच उत्तर देतो. केरूला मोजण्यात मी चुकलो असेन, तर ते माझे आणि देवाचे आहे, आम्ही बघून घेऊ. पण बाबा, तू त्या दिवशी तोंड उघडून "काका, तामार आहे की" असे म्हणाला असतास तर मी सेफेर आजही तुला दिला असता.

शिमोनला माझे मराठी अक्षरात छापलेले प्रार्थनेचे पुस्तक द्यावे, कारण हिब्रू वाचताना तो घाईत अर्धी अक्षरे गिळतो. त्याचे पत्रही त्यातच ठेवून परत करावे. मनात राग ठेवून मरायचे नाही म्हणतात, म्हणून हा थोडा कागदावर काढून ठेवला.

कलम सात. माझी कद्दीश. ज्यांना माझ्यासाठी यायचे असेल त्यांनी माझ्याच खोलीत यावे. कद्दीश तामारने म्हणावी आणि दहांत तिला मोजावे. मुंबईत आणि बाहेर देशी काही ठिकाणी बायकांना मोजतात, काही ठिकाणी नाही, दोन्हीकडे विद्वान आहेत आणि दोघांकडे ग्रंथ आहेत. मी विद्वान नाही. जीव वाचवायला नियम बाजूला ठेवता येतो हे मी तरुणपणीच ओळखले. मान वाचवायला ठेवता येतो का, हे ओळखायला म्हातारा झालो. आमच्या जुन्या शहाण्या लोकांनी माणसाच्या मानासाठीही काही नियम वाकवले आहेत, हे तामारनेच मला वाचून दाखवले. माझी बाजू भक्कम करायला नाही, मी विचारले म्हणून. आणि उलट बाजूचेही तितकेच वाचून दाखवले, अशी माझी पोरगी आहे.

ज्यांना हे पटत नाही त्यांना मी वाईट म्हणणार नाही. त्यांनी आपापल्या घरी माझी आठवण काढावी. पण माझ्या खोलीत माझ्यासाठी तिला वगळून कद्दीश होणार नाही. तशी म्हणायची असेल तर म्हणू नये. मी कद्दीशशिवाय पडून राहीन.

नमिताबाई म्हणाल्या, "हे कोर्टात टिकणार नाही, काका. आणि तामार कद्दीश म्हणणार असेल तरच घर मिळेल, अशी अट घालायची का?" आधीच्या कच्च्या कागदावर मी तशी अट घातली होती. ती मी स्वतःच्या हाताने खोडली. माझ्यावर जबरदस्ती चालली नाही, माझ्या पोरीवरही चालायची नाही. तामार उभी राहिली तरी घर तिचे, सेफेर तिचा. नाही राहिली तरी तिचेच. ती हो म्हणाली नाही तर कद्दीश म्हणायची तिची जागा रिकामी राहील, दुसऱ्या कोणाला तिथे उभे करू नये.

आता केरूचा घोळ. साक्षीदार म्हणून मला तोच हवा होता. ज्याला मृत्युपत्रात काही मिळते त्याने साक्षीदार म्हणून सही केली तर त्याची देणगी बाद होते, असा कायदा आहे. हे नमिताबाईंनी सांगितले तेव्हा केरू उंबऱ्यावरच होता. लगेच उठला. "मंग आंबं काडून टाका."

मी म्हटले, "अरे, दोन्ही झाडं हापूसची आहेत!"

"आंबं बाजारात मिलतान, भाऊ. सई कुटं मिलते? त्या दिसाला मी पोरीच्या जाग्यावर हुबा व्हतू. तवा बोललू, तुमी आयकलं नाय. आता कागदावर बोलतू."

म्हणून ती झाडे केरूची नात मनस्वी हिला दिली आहेत, तसे करायला कायद्याची हरकत नाही. आणि केरू पहिला साक्षीदार आहे. त्याच्याइतका खरा साक्षीदार मला पेण ते रोहा सापडला नसता.

शेवटचे, मोजणीबद्दल. मोजणी आजवर आम्ही कपाटाजवळच्या वडीलधाऱ्या पुरुषापासून सुरू करत आलो. माझ्या वेळी ती तामारपासून सुरू करावी. वचनातला पहिला शब्द तिचा. मग माणसे कमी पडलीच, तर कमी पडेल तो एखादा पुरुष असेल.

हे मृत्युपत्र मी पूर्ण वाचून, चष्मा लावून, दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारून, खालील साक्षीदारांसमक्ष सही केले आहे. त्यांनीही माझ्यासमोर सह्या केल्या आहेत.

ठिकाण: पेण, प्रार्थनेची खोली
दिनांक: १६ नोव्हेंबर २०२५, रविवार

सही: एलिझर रूबेन वाक्रूळकर

साक्षीदार
१. केरू हिरामण म्हात्रे, राहणार पेण. सही स्वतःच्या हाताची, अंगठा नव्हे.
२. अमोल गोविंदा पाटील, शेजारी, राहणार पेण.

मृत्युपत्र करणारे पूर्ण शुद्धीत आहेत. त्यांनी दाखवलेली नळी बदलून घेतली आहे.
डॉ. नूतन रघुनाथ ठाकूर, पेण